रविवारच्या चहापासून: रविकिरण मंडळाची वाटचाल

पुण्यात 1923 साली काही लिहिणारी मंडळी रविवारच्या चहाला जमू लागली. सुट्टीचा दिवस, समोर चहा आणि खिशात नवी कविता. या बैठकीला ‘सन-टी क्लब’ म्हणत, त्यातूनच रविकिरण मंडळ उभं राहिलं. मंडळाचं नाव निघतं ते बहुधा प्रेमकवितेसाठी, खंडकाव्यांसाठी, नाहीतर गावोगावच्या काव्यगायनासाठी. मला मोल वाटतं ते त्या रविवारचं. लिहिलेलं छापण्याआधी बरोबरीच्या माणसांना वाचून दाखवायचं, हा मंडळाचा खरा ठेवा.

तो काळ आठवावा. केशवसुत 1905 मध्येच गेले होते. 1918 साली बालकवी गेले, पाठोपाठ 1919 च्या जानेवारीत गोविंदाग्रज. तांबे दूर ग्वाल्हेरला. नवी कविता लिहून झाली की ती दाखवायची कुणाला, हा प्रश्न पुण्यातल्या तरुण कवीसमोर होताच. मंडळातल्या कवींनी वडीलधाऱ्याची वाट पाहिली नाही, ते एकमेकांचेच श्रोते झाले.

बैठकीत फार्सीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्युलियन, होते. साधुदासांजवळ कवितेचे पहिले धडे गिरवलेले यशवंत होते. गिरीश, श्री. बा. रानडे, ‘मधु’ या नावानं लिहिणारे वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर होते. आणि दिवाकर होते. कवींच्या घोळक्यात नाट्यछटाकाराचं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच पात्राच्या तोंडून सगळा प्रसंग उभा करणाऱ्याचा कान बोलण्याच्या सुरासाठी तयार झालेला असतो. श्री. बा. रानड्यांच्या पत्नी मनोरमाबाई तिथे कवयित्री म्हणून बरोबरीनं बसत, हेही त्या काळात साधं नव्हतं.

चार माणसांसमोर वाचल्यानं नेमकं काय होतं, ते मी आमच्या महिन्याच्या वाचनबैठकीत पाहिलं आहे. एका मुलीनं मात्रावृत्तात कविता आणली होती. तिनं बोटांवर मात्रा मोजल्या होत्या आणि कागदावर हिशेब चोख होता. वाचताना मात्र ‘तुझ्या’ या शब्दापाशी ओळ लंगडली. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, या नियमानं तिनं ‘तु’च्या दोन मात्रा धरल्या होत्या. पण मराठी जीभ ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर जोर देत नाही, ‘सत्य’मधल्या ‘स’वर देते. म्हणून ‘तुझ्या’च्या मात्रा तीनच. शेजारचे काका फक्त एवढंच म्हणाले, “परत म्हण बरं.” तिनं पुन्हा म्हटलं आणि चूक तिची तिलाच सापडली.

मंडळात हा कान पक्का करणारे माधवराव होते. 1927 साली त्यांची ‘छंदोरचना’ आली. तेवढ्यावर न थांबता 1937 मध्ये त्यांनी तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. मराठी वृत्तांचा अभ्यास आजही या ग्रंथाला वळसा घालून करता येत नाही. खय्यामच्या रुबायांचं त्यांनी तीन वेळा मराठी केलं: 1929 मध्ये मूळ फार्सीवरून, मग फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ आणि ‘मधुलहरी’. एकाच मजकुराला पुन्हा पुन्हा हात घालायची ही चिकाटी मला त्यांच्या गझलांइतकीच प्रिय आहे.

मंडळाची पुस्तकंही सोबतीनं निघाली. ‘किरण’ आणि ‘उषा’ हे एकत्र संग्रह. घाटे आणि माधवराव या दोघांचा ‘मधु-माधव’. रानडे दांपत्याचा ‘श्री-मनोरमा’. मनोरमाबाई 1926 साली अकाली गेल्या. त्यांच्या कवितेची वाढ आपल्याला पाहायला मिळाली नाही, याची हळहळ वाटते.

टीका झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. 1925 साली अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली आणि मंडळाच्या लकबी महाराष्ट्राला हसता हसता पाठ झाल्या. सतत एकाच वर्तुळात वाचलं की सगळ्यांचे शब्द एकमेकांसारखे होऊ लागतात, दाद सवयीची होते. मंडळाच्या कितीतरी कविता आज साचेबंद वाटतात त्या यामुळेच, असं माझं मत आहे. पण ज्यांनी पुढे स्वतःची वाट धरली, त्यांना तीच बैठक पुरून उरली. गिरीशांनी ‘आंबराई’त गावाकडचं जग खंडकाव्यात आणलं. यशवंतांची ‘बंदीशाळा’ बालगुन्हेगारांच्या आयुष्यात शिरली. माडखोलकर नागपूरला जाऊन कादंबरीकार आणि संपादक झाले.

नोकऱ्या, बदल्या, संसार यांनी रविवार विरळ होत गेले. माधवराव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले आणि 1939 च्या नोव्हेंबरात वारले. तोवर 1936 च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं. पुढे माडखोलकर 1946 ला बेळगावात, यशवंत 1950 ला मुंबईत आणि घाटे 1953 ला अहमदाबादेत अध्यक्ष झाले. चहाच्या एका बैठकीतले चौघे!

2023 मध्ये मंडळाच्या स्थापनेला शंभर वर्षं झाली. एकेका कवीचे संग्रह अजून हाताशी येतात, पण कोण कुणाच्या शेजारी बसून लिहीत होतं ते कळतं एकत्र संग्रहांतूनच. आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावरच्या गाठोड्यात ‘किरण’ किंवा ‘उषा’ची प्रत सापडली, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि देण्याआधी त्यातली एखादी कविता घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.