पहिली मोटारसायकल जुनी घेताना

नवशिक्या चालकाने जुनी मोटारसायकल घेताना १०० ते १२५ सीसीची, वजनाने हलकी आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी गाडी निवडावी. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या अशा गाड्यांना संयुक्त ब्रेक अथवा एबीएस असते. शक्यतो तीच घ्यावी.

गाडी दिवसाउजेडी पाहावी. इंजिन थंड असतानाच ती सुरू करावी. आधीच तापवलेल्या इंजिनात दोष झाकला जातो. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर निघाल्यास ऑइल जळत असल्याचे समजावे. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढत असल्यास जुन्या अपघाताची शक्यता तपासावी.

चासी व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत. मालकी बदलण्यासाठी आरटीओकडे नमुना २९ व ३० भरावे लागतात. गाडीवरील कर्ज फेडले असल्यास नमुना ३५ लागतो. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. अपघाताच्या भरपाईस नोंदणीकृत मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे गाडी वेळेत नावावर होणे विकणाऱ्याच्याही हिताचे असते.