विंडोजकडून लिनक्सकडे : घरच्या संगणकाचें स्थलांतर

भोरजवळचें भाटघर आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. वेळवंडी नदीवरचें तेथील मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें. परंतु तें तेथील पहिलें धरण नव्हे. नीरा कालव्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलें जुनें धरण या नव्या जलाशयाच्या पोटांत गेलें. याच जलाशयांत कांबरे गांवचें कांबरेश्वराचें देऊळ वर्षाचा बहुतेक काळ बुडालेलें असतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें पुन्हां दर्शन देतें. आज ज्या स्थलांतराविषयीं मी बोलणार आहें, त्यांत मात्र एकदां बुडालेलें सहसा वर येत नाहीं. म्हणून आरंभींच या देवळाची आठवण केली.

हें स्थलांतर आहे घरच्या संगणकाचें. विंडोज या कार्यप्रणालीची पहिली आवृत्ति १९८५ सालीं निघाली आणि १९९५ नंतर ती आपल्याकडील घराघरांत पोंचली. संगणक म्हणजेच विंडोज, असा समज त्यांतून झाला. पुढें २०१५ मध्यें आलेल्या दहाव्या आवृत्तीच्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. अकराव्या आवृत्तीस सुरक्षेची विशिष्ट सोय व नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट चालणारीं हजारों यंत्रें एका दिवसांत म्हातारीं ठरलीं. घरांतील अशा यंत्राचें काय करावें, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढें आहे.

त्याचें एक उत्तर पूर्वींच तयार होऊं लागलें होतें. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणींही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, हें त्यांचें सूत्र होतें. १९८९ मध्यें त्यांनीं त्यास परवान्याचें कायदेशीर रूप दिलें. १९९१ च्या ऑगस्टांत हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. १९९२ मध्यें त्यानें तो याच परवान्याखालीं आणला, आणि ग्नूच्या साधनांशीं त्याची जोड जमली. डेबियन १९९३ सालीं व उबुंटु २००४ सालीं निघालें, तेव्हां सामान्य गृहस्थासही ही वाट चालतां येऊं लागली. महाराष्ट्रांत रायगड जिल्ह्यांतील खैराट येथील शाळेच्या मुलांना २००७ सालीं जे छोटे संगणक मिळाले, त्यांच्या अंतरंगांतही लिनक्सच होतें. त्या मुलांना विंडोज सोडावें लागलें नाहीं. आपणांस तें सोडावयाचें आहे, आणि अडचण तेथेंच आहे.

मराठी घरांत ही अडचण विशेष आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आपण जें मराठी टंकलिखित केलें, तें यंत्राच्या दृष्टीनें मराठी नव्हतेंच. फाईलमध्यें इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असत, आणि त्यांवर देवनागरी आकृति चढविण्याचें काम फॉन्ट करी. तो फॉन्ट नाहींसा झाला कीं वडिलांच्या आठवणी, पाककृति, सोसायटीचीं इतिवृत्तें, सारें निरर्थक रोमन चिन्हांचें रान होतें. युनिकोडमध्यें ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, मग संगणक पुण्यांत असो वा हेलसिंकींत. अशी फाईल लिनक्समध्यें बिनदिक्कत वाचतां येते.

तेव्हां नवशिक्यानें क्रम असा ठेवावा. प्रथम, विंडोज चालूं असतांनाच जुन्या फॉन्टांतील लेखन युनिकोडमध्यें रूपांतरित करून डोळ्यांखालून घालावें. जोडाक्षरें व रफार येथेंच चुकतात. मग सर्व फायली व फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती उघडते कीं नाहीं हें दुसऱ्या यंत्रावर पाहावें. त्यानंतर पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करावा. यांत मूळ डिस्कला हात लागत नाहीं. वाय-फाय, प्रिंटर व आवाज चालतो कीं नाहीं तें कळतें. हिशेबाचे किंवा सरकारी कामांचे कांहीं प्रोग्राम विंडोजवांचून चालत नाहींत. असें असल्यास दोन्ही प्रणाली शेजारीं शेजारीं ठेवाव्या. शेवटीं, ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायावर बोट ठेवण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास विचारावें : तुझें कांहीं यांत राहिलें आहे काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या पाण्यानें शेतें भिजतात, हें खरें. पण जें बुडणार त्याची मोजदाद आधीं करावी लागते. भाटघरच्या पाण्यांतून कांबरेश्वर दर उन्हाळ्यांत वर येतो. पुसलेल्या डिस्कवरील आईचें पत्र त्याप्रमाणें वर येईल, अशी आशा कोणी धरूं नये.