घोड्याची दौड आणि अफूचा अंमल



लांब पल्ल्याच्या शर्यतींतील घोड्यांची उत्तेजक-चाचणी, हा विषय मी कळवला तेव्हा शाळेच्या चिटणिसांनी फोन करून, ‘‘सर, विषय बरोबर लिहिला आहे ना?’’ अशी खात्री करून घेतली. मराठीच्या प्राध्यापकाला घोड्याच्या मूत्रपरीक्षेशी काय कर्तव्य, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्या मांडवीच्या परिसरात आपण आज जमलो आहोत, तिथे मराठी भाषा आली ती घोड्यावर बसूनच. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडच्या ठाण्यावरून गुजरातेत स्वाऱ्या केल्या आणि १७३४ साली वडोदरे गायकवाडांकडे आले ते कायमचे. या साऱ्यामागचे मुख्य बळ तोफखान्याचे नव्हते; लांब मजला मारणाऱ्या काटक घोड्यांचे होते.

‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’पासून आपल्याकडे आला. मजल म्हणजे दोन मुक्कामांमधील वाटचाल. आजच्या लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतीची रचना हीच आहे. कॅलिफोर्नियात १९५५ साली शंभर मैलांची, चोवीस तासांत पुरी करावयाची शर्यत सुरू झाली आणि या खेळाला आधुनिक रूप आले. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत एका दिवसात १६० किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्याने तोडावे लागते. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची नाडी पाहतो, चाल पाहतो, अंगातले पाणी कमी झाले आहे का हे तपासतो. ठराविक वेळात हृदयाचे ठोके ठरलेल्या मर्यादेत, बहुधा मिनिटाला ६४ पर्यंत, उतरले नाहीत तर घोडा बाद. तो लंगडत असेल तरीही बाद. स्वाराचे म्हणणे तिथे विचारात घेतले जात नाही.

आपल्या जुन्या लष्करात घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, तर बारगीर सरकारी पागेतील घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच मेली. त्यामुळे घोड्याला जपणे ही त्याच्यापुरती दयेची नव्हे, पोटाची गोष्ट होती. पण घोडा एकाचा, स्वार दुसरा आणि घाई तिसऱ्याचीच, अशी स्थिती आली की घोड्याच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही. आजच्या चाचणीची गरज याच स्थितीतून निर्माण झाली आहे, असे मला वाटते.

थकल्या घोड्याला काहीतरी चारून पुढे हाकणे नवे नाही. कच्छमध्ये नेमणुकीवर असलेला इंग्रज अधिकारी अलेक्झांडर बर्न्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. एका कच्छी स्वाराबरोबर त्याने रात्रभर मजल मारली. तीस मैलांवर चाल झाल्यावर स्वाराने थोडे थांबण्याची परवानगी मागितली, जवळची दोन ड्राम अफू काढली आणि स्वतःत व दमलेल्या घोड्यात वाटून घेतली. पुढे घोड्याने चाळीस मैलांचा प्रवास सहज पुरा केला आणि स्वारही तरतरीत झाला. बर्न्सला त्याचे कौतुकमिश्रित नवल वाटले.

मला या प्रसंगात शब्दांमुळे गोडी वाटते. काठियावाडात व राजस्थानात अफूला ‘अमल’ म्हणतात. आपल्या मराठीत ‘अंमल’ म्हणजे राज्य, आणि ‘अंमल’ म्हणजे नशाही. दोन्ही ‘चढतात’, दोन्ही ‘उतरतात’. कच्छी स्वाराने निदान आपल्या वाट्याची अफू घोड्याला दिली आणि स्वतःही घेतली. तो अंमल दोघांवरही होता. पुढच्या काळात औषध घोड्याने घ्यावयाचे आणि चषक मालकाने, अशी वाटणी झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या शर्यतींत घोड्यांना कोकेनसारखी द्रव्ये देण्याचा सुळसुळाट झाला आणि तिथे त्यावर बंदी आली. १९१० साली ऑस्ट्रियात घोड्याच्या लाळेची रासायनिक तपासणी सुरू झाली. म्हणजे खेळातील उत्तेजक-चाचणी माणसाच्या आधी घोड्याची झाली. आपल्या महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली २८,००० गिनींना विकत घेतलेल्या ‘सयाजीराव’ या घोड्याने १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर जिंकली, ती नियमांच्या अशा जगात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उत्तेजकापेक्षा वेदनाशामक औषध अधिक घातक का? घोड्याला आपली भाषा नाही. पाय दुखला तर तो लंगडतो, एवढेच त्याचे बोलणे. फिनाइलब्युटाझोनसारखे औषध दिले की ते बोलणे बंद होते. दुखावलेल्या पायावर तो पुढची मजल मारतो आणि अखेर हाड मोडते. १९६८ साली अमेरिकेतील केंटकी डर्बीत पहिला आलेला ‘डान्सर्स इमेज’ याच द्रव्यामुळे बाद ठरवला गेला. २००८ च्या ऑलिंपिकच्या वेळी हाँगकाँगला उड्यांच्या स्पर्धेतील चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सेसिन, म्हणजे आपल्या मिरचीतील तिखटपणाचे द्रव्य सापडले. ते वेदना शमवते, आणि पायाला चोळले तर कातडी हुळहुळी होऊन घोडा आडव्या दांड्याला पाय लागू देत नाही. घरच्या मसाल्यातली वस्तूही अशी कामास लावता येते.

तपासणीची पद्धत साधी, पण काटेकोर आहे. रक्त किंवा मूत्र घ्यावयाचे, ते दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करावयाचे, आणि वर नावाऐवजी क्रमांक घालावयाचा. पहिल्या बाटलीत दोष निघाला तर दुसरी उघडण्याचा हक्क असतो. जबाबदारी कोणाची हे नियमाने ठरलेले असते. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका नाही. २००९ साली दुबईचे राज्यकर्ते शेख मोहम्मद यांच्या घोड्यात लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर निषिद्ध द्रव्ये सापडली, तेव्हा आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या न्यायमंडळाने स्वार या नात्याने त्यांना सहा महिने खेळाबाहेर ठेवले. क्रमांक घातलेल्या बाटलीला राजा कोण हे कळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट लहान वाटू नये.

शेवटी एक कबुली. मी सात-आठ वर्षांचा असताना आम्हां कुटुंबाला रात्रीची गाडी गाठावयाची होती. मांडवीहून टांगा केला. घोडा उजवा मागचा पाय उचलून धरत होता. वडिलांनी दुप्पट भाडे कबूल केले. टांगेवाल्याने कमरेच्या पिशवीतून गुळात घातलेली एक काळी गोळी काढून घोड्याला चारली आणि थोड्या वेळाने घोडा निमूट धावू लागला. तो आता लंगडत नाही, याचा मला आनंद झाला. गाडी मिळाली. त्या घोड्याची चौकशी पुढे आमच्यापैकी कोणीही केली नाही.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाकडे आधी जात असत. जो बोलू शकत नाही त्याची नाडी आपण होऊन पाहावी, हा त्यांचा धडा मी घोड्याच्या निमित्ताने आज पुन्हा गिरवला.