अंगठ्याने धरलेला नेम

देवळालीच्या तोफखाना विद्यालयात दरवर्षी ‘तोपची’ हा सराव होतो. तोफ डागणाऱ्यांना लक्ष्य बहुधा दिसतच नाही. गोळा कुठे पडला ते पुढचा निरीक्षक पाहतो, किती डावीकडे आणि किती पुढे ते कळवतो, आणि त्याप्रमाणे तोफेचं तोंड वळतं. तिकडे ओझरला बांधलेल्या सुखोईचा वैमानिक शिरस्त्राणातल्या दर्शकाच्या मदतीने नुसती मान वळवून लक्ष्य निवडू शकतो. नेम एकट्या हाताचा नसतो, हे नाशिकच्या आसपास असं दिसत असताना, गेम खेळणाऱ्या पोरांनी ‘एम असिस्ट’ला, म्हणजे नेम धरताना गेमकडून मिळणाऱ्या मदतीला, लबाडी म्हणावं हे मला पटत नाही.

ही सोय जन्मली तीही कन्सोलवर नव्हे, संगणकावर. १९९३च्या ‘डूम’मध्ये वर-खाली पाहताच येत नव्हतं. शत्रू उंच कट्ट्यावर उभा असला, तरी बंदूक त्याच्या दिशेला असली की गोळीची उंची गेम स्वतः जुळवून घेई. पुढे ‘क्वेक’च्या काळात माउसने पाहण्याची सवय रुळली आणि तिथे या मदतीची निकड उरली नाही.

कन्सोलवर मात्र ती वाढतच गेली. कारण साधं आहे. माउस जितका सरकवाल तितकीच नजर सरकते. हात थांबला की तीही थांबते. कंट्रोलरची काडी स्कूटरच्या मुठीसारखी आहे: ती वेग ठरवते, थांबायचं ठिकाण नाही. योग्य क्षणी सोडली नाही, तर नेम शत्रूला ओलांडून पुढे जातो. त्यातून मनगटाचं काम एकट्या अंगठ्यावर येतं. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाताला लक्ष्य गाठायला लागणारा वेळ मोजला होता. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका वेळ जास्त. ‘एम असिस्ट’ याच सूत्राला हात घालतो. पडद्यावरचा शत्रू आहे तेवढाच राहतो, पण अंगठ्यापुरता तो रुंद होतो.

१९९७ मध्ये ‘रेअर’ कंपनीचा ‘गोल्डनआय ००७’ निन्टेंडो ६४वर आला. त्यात बंदूक आपणहून शत्रूकडे झुके. बारीक नेम हवा असेल तर एक बटण दाबून धरायचं आणि काडीने तो स्वतः साधायचा.

खरी कारागिरी मात्र २००१च्या ‘हेलो’ची. एक्सबॉक्ससाठी ‘बंजी’ने बनवलेल्या या खेळात मदत एकाच जागी ठेवलेली नाही. नेमाचं चिन्ह शत्रूवर आलं की वळण्याचा वेग कमी होतो, म्हणजे अंगठ्याला थांबायला उसंत मिळते. शत्रू सरकला की चिन्ह थोडं त्याच्यामागे ओढलं जातं. गोळी जराशी चुकणार असेल तर तीही किंचित वळते. शिवाय हे सगळं किती कोनात आणि किती अंतरापर्यंत चालावं, ते प्रत्येक शस्त्रासाठी वेगळं ठरवलेलं. या तिन्हींत पहिली युक्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ती नेम धरून देत नाही, फक्त हाताची घाई आवरते. खेळणाऱ्याला मदत जाणवत नाही, आपला हात बसला असंच वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही असतं. पुढे कन्सोलवरच्या बहुतेक नेमबाजीच्या खेळांनी हाच मार्ग धरला.

भांडण पेटलं ते कंट्रोलरवाले आणि माउसवाले एकाच सामन्यात समोरासमोर आले तेव्हा. मदत थोडी जास्त झाली की माउसवाल्यावर अन्याय, थोडी कमी झाली की कंट्रोलरवाला हतबल. हा तोल आकडे बदलत सतत साधावा लागतो, आणि त्यावर रागावण्यापेक्षा तो साधणाऱ्यांचं काम समजून घ्यावं.

आपल्याकडे बहुतेकांना ही सोय भेटली ती मोबाइलवर. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ सुरू झाला. काचेवर सरकणाऱ्या अंगठ्याला काडीइतकाही आधार नसतो, म्हणून सेटिंगमध्ये ‘एम असिस्ट’ असतो. पण त्याच सेटिंगमध्ये ‘जायरोस्कोप’ही आहे, आणि मुरलेले अनेक खेळाडू तो आवर्जून वापरतात. तो चालू केला की फोन जितका तिरका कराल तितकीच नजर वळते, आणि अंगठ्यावर पडलेलं मनगटाचं काम पुन्हा मनगटाकडे जातं.