गाडी किती दामटावी?

जुन्या मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ १९३४ साली निघाला. तिथल्याच गुडवुडच्या धावपट्टीवर १९९८पासून दरवर्षी १९६६पर्यंतच्या जमान्यातल्या मोटारी पळवल्या जातात, आणि त्या मिरवणुकीसारख्या नव्हे तर ईर्ष्येने. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही गाडी पळण्यासाठीच घडवली गेली. तिला जपून हाकणे म्हणजे मखरात बसवणे. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ इंजिन एकदा फुटले की त्या जागी येते ती नक्कल. मग आपण जतन केले ते काय?

आपल्याकडे मोटारींबाबत हा प्रश्न सरकारने जवळजवळ सोडवून टाकला आहे. जुलै २०२१मध्ये निघालेल्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येतात. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही. थोडक्यात, दाखवा, पण दामटू नका.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका जुन्या वाहनाला मात्र पळायची मोकळीक दिली. ते वाहन म्हणजे बैलगाडी. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग ते मुरुड पट्ट्यात, शर्यतीची धावपट्टी म्हणजे पुळण. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते. वरच्या कोरड्या वाळूत चाक रुतते. त्यामुळे इथल्या शर्यतीला आधी समुद्राची परवानगी लागते. पुण्याकडे शर्यतीचा ‘घाट’ मुद्दाम बांधावा लागतो. किनाऱ्यावर तो दिवसातून दोनदा धुऊन निघतो.

न्यायालयाची परवानगी मिळायला मात्र वेळ लागला. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने एक अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह या प्राण्यांचे खेळ करण्यावर बंदी होतीच; त्या यादीत आता बैलाच्या जातीचे नाव घातले गेले. शेतकऱ्याच्या दावणीचे जनावर सर्कशीतल्या श्वापदांच्या पंगतीला बसले. ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. त्या निकालातला गाभ्याचा मुद्दा शरीररचनेचा होता. घोडा धावण्यासाठी घडला आहे, बैल ओढण्यासाठी. दुभंगलेला खूर आणि रवंथ करणारे जड पोट घेऊन तो पळतो तो हौसेने नव्हे, वेदनेच्या आणि भीतीच्या धाकाने.

हा युक्तिवाद मोटारींच्या वादाच्या नेमका उलटा आहे. तिथे ‘ती पळण्यासाठीच घडली’ हे गृहीत असते. इथे तेच नाकारले गेले. साहजिकच शर्यतीच्या बाजूचे उत्तरही तिथूनच निघाले. खिल्लार हा चपळ चालीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेलेला गोवंश आहे, नांगरणी ट्रॅक्टरकडे गेल्यावर त्याला सांभाळायला शर्यतीखेरीज कारण उरत नाही, असे ते म्हणणे. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या. राज्याने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घेतला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यती सशर्त सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे कायदे वैध ठरवले. एखादी गोष्ट परंपरा आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे पीठाने म्हटले. नियम काटेकोर पाळले जातात की नाही याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली.

‘किती दामटावी’ याचे उत्तर आता या नियमांत आहे. धावेचे अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांना मनाई. जनावर पळण्याजोगे असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. यातले अंतर मोजता येते, दाखला तपासता येतो. पण शेपूट पिरगाळणारा हात धुरळ्यात दिसत नाही, आणि थकलेल्या बैलाला पुन्हा जुंपायचे की नाही हा निर्णय जू खांद्यावर ठेवताना, एका क्षणात, गाडीवानच घेतो. नियमाची खरी कसोटी तिथे लागते.

या सगळ्यात एका गोष्टीकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले आहे. गुडवुडला पळते ती मूळ गाडी. आपल्या शर्यतीत पळतो तो हलका छकडा, खास वेगासाठी बनवलेला. भात, पेंढा, नारळ, मीठ वाहणारी लाकडी चाकांची जड बैलगाडी, जिच्या नावाने परंपरेचा हवाला दिला जातो, ती शर्यतीत नाहीच. ती परसात मोडून पडली किंवा एखाद्या रिसॉर्टच्या दाराशी रंगवून उभी आहे. शर्यतीने बैल राखला असेल, गाडी नाही राखली. आणि गाडी बनवणाऱ्या सुताराचे, धाव बसवणाऱ्या लोहाराचे काम राखण्यासाठी कोणी न्यायालयात गेले नाही.

म्हणून जतनाचा दावा जपूनच करावा लागतो. मोटारीचा मालक निदान एवढे म्हणू शकतो की, फुटले तर माझे इंजिन फुटेल. लोखंडाला दुखत नाही. बैलगाडीत दामटले जाते ते लाकूड किंवा लोखंड नव्हे. परंपरा टिकवायची असेल तर तिचा वेग जनावराच्या दमावरून ठरला पाहिजे, बक्षिसाच्या रकमेवरून नव्हे. शेतावरचा जुना गाडीवान हे कायद्याविना पाळत होता, कारण उद्या त्याच बैलाने नांगर ओढायचा होता. शर्यतीच्या बैलाला तो उद्याचा नांगर नाही. त्याची जागा आता नियमाने आणि तो राबवणाऱ्या माणसांनी भरून काढायची आहे.