अम्मीचा तावीज आणि पंधराचा नक्श

मागच्या रमजानच्या आधी साफसफाई करताना अम्मीच्या पेटीत एक जुना तावीज सापडला. कापड विटलेलं, शिवण उसवलेली. आतल्या कागदावर उर्दू आकड्यांत नऊ घरांचा नक्श होता. माझ्या जन्माच्या वेळी कळा लांबल्या, तेव्हा नानीने तो मागवून घेतला होता.

असे नक्श आपण खूप पाहिलेत, सोडवून मात्र कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या फळ्यावर रिकामा चौकोन काढला. १ ते ९ आकडे एकेकदाच वापरायचे. आडवी, उभी, तिरपी कुठलीही ओळ घ्या, बेरीज सारखी यायला हवी.

मुलांनी आधी अंदाजाने आकडे टाकून वह्या काळ्या केल्या. मग एकीने विचारलं, "सर, बेरीज किती यायला पाहिजे?" इथून खरी सुरुवात झाली. सगळ्या आकड्यांची बेरीज ४५, आडव्या ओळी तीन, म्हणून प्रत्येकीची १५. मधल्या घरातून चार ओळी जातात, त्यांची बेरीज ६०. त्यात बाकीची घरं एकेकदा येतात आणि मधलं चारदा. ६० मधून ४५ गेले, उरले १५. ते मधल्या घराच्या तिप्पट. म्हणजे मध्ये ५ च.

आता १ कुठे? त्याला घेऊन १५ दोनच प्रकारे होतात: १, ५, ९ आणि १, ६, ८. कोपऱ्यातून तीन ओळी जातात, म्हणून १ कोपऱ्यात बसू शकत नाही, तो बाजूच्या मधल्या घरात. समोर ९. १ च्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत ६ आणि ८. सहासमोर ४, आठासमोर २. उरलेले ३ आणि ७ आपोआप बसतात.

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

फिरवा किंवा आरशात पाहा, आठ रूपं होतील. पण चौकोन हा एकच. कोपऱ्यांत २, ४, ६, ८. अब्जदच्या हिशेबाने ही अक्षरं बे, दाल, वाव आणि बडी हे, म्हणजे 'बुदूह'. पत्र सुखरूप पोहोचावं म्हणून लोक हा शब्द पत्रावर लिहीत. पुढे काहींना ते जिन्नाचं नाव वाटू लागलं! बेरजेतून उरलेली चार अक्षरं, बिचारी.

चीनमध्ये हा चौकोन फार जुना. आपल्याकडे जाबिर बिन हय्यानच्या नावावरच्या ग्रंथांत तो येतो, तोही बाळंतपणासाठीच. दहाव्या शतकात खुरासानच्या बूझजानमध्ये जन्मलेल्या अबुल वफाने (९४०–९९८) बगदादमध्ये राहून अशा चौकोनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ते मोठे चौकोन रीतीने कसे भरायचे, हा त्याचा विषय.

त्याच खुरासानातल्या तूसचे इमाम गझाली (१०५८–११११). 'अल-मुनकिज मिनद्दलाल'मध्ये ते हाच पंधराचा नक्श सांगतात. पाणी न लागलेल्या दोन कापडांवर तो लिहावा, अडलेल्या बाईने त्याकडे पाहावं आणि ती कापडं पायाखाली ठेवावीत. त्यांचा सवाल असा की, या नक्शाचा गुण मानता, मग फज्रच्या दोन, जुहरच्या चार, मगरिबच्या तीन रकअतींमध्ये अक्कलेला न दिसणारा गुण असू शकतो, हे मानायला अडचण काय?

गझालींबद्दल मला आदर आहे आणि त्यांचा रोख नक्शाच्या असरावर आहे, आकडेमोडीवर नाही, हेही कळतं. तरी हा दाखला मला खटकतो. नमाज आपण हुकूम म्हणून पढतो, तिला अशा नक्शाच्या आधाराची गरज का पडावी? आणि अक्कलेपलीकडचं दाखवायला त्यांनी निवडला तो चौकोन, जो अक्कलेने घरागणिक भरता येतो. अबुल वफा जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

गझालींच्याही सुमारे दोनशे वर्षं आधी, इसवी सन ९०० च्या आसपास, वृंद नावाच्या वैद्याने 'सिद्धयोग' हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला. त्यातही अडलेल्या बाईसाठी नऊ घरांचा चौकोन आहे, फक्त आकडे २ ते १८ मधले सम आणि बेरीज ३०. म्हणजे आपल्याच नक्शाची दुप्पट. बाळंतपणाची भीती दोन्हीकडे सारखीच होती.

संध्याकाळी मी अम्मीचा कागद पुन्हा उलगडला. शेवटच्या ओळीत ८, १ आणि ७. लिहिणाऱ्याने ६ च्या जागी ७ टाकला होता, बेरीज १६. अम्मीला दाखवलं. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"तो तावीज आला तेव्हा तू होऊन गेला होतास," ती म्हणाली. "सुईण आधी आली होती."