लाउंड्झ, विल्यम
लाउंड्झ, विल्यम : (११ फेब्रुवारी १७८२–२७ ऑक्टोबर १८२२). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक संसदपटू. राष्ट्राध्यक्षपद कोणी मागू नये व कोणी नाकारूही नये, या भूमिकेमुळे प्रसिद्ध. त्याचा जन्म साउथ कॅरोलायनातील एका धनिक मळेवाल्याच्या कुटुंबात झाला. वडील रॉलिन्स यांनी संघराज्याच्या संविधानास कडवा विरोध केला होता. विल्यम मात्र १८११ मध्ये प्रतिनिधिगृहात आला आणि ब्रिटनविरुद्धच्या युद्धाचा पुरस्कार करणाऱ्या हेन्री क्ले, जॉन कॅल्हून इ. तरुण सदस्यांच्या गटात सामील झाला. पुढे अर्थसमितीचा अध्यक्ष या नात्याने १८१६ चे जकात विधेयक त्याने गृहापुढे मांडले. युद्धमंत्रिपद देऊ केले असता त्याने ते स्वीकारले नाही. १८२० मध्ये सभापतिपदासाठी त्याचे नाव पुढे आले. परंतु २२ फेऱ्यांच्या मतदानानंतर न्यूयॉर्कचा जॉन टेलर निवडून आला.

डिसेंबर १८२१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळातील सदस्यांनी त्याचे नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी सुचविले. त्याच सुमारास त्याच राज्याचा कॅल्हूनही उमेदवारीस सिद्ध झाला होता. या पेचातही दोघांचा स्नेह तुटला नाही. लाउंड्झने प्रचार केला नाही; पण नावही मागे घेतले नाही. ही केवळ निरिच्छता नव्हे. मंत्रिपद राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने मिळते, ते नाकारण्यास व्यक्ती मोकळी असते. राष्ट्राध्यक्षपद हे जनतेने सोपविलेले कर्तव्य असल्याने त्याची याचना जशी अशोभनीय, तसा अव्हेरही अनुचित, असा या भूमिकेतील भेद दिसतो. वॉशिंग्टनच्या काळापासून पदलालसा हा प्रजासत्ताकाला धोका मानला जाई. अर्थात असा अलिप्तपणा ज्यांची उपजीविका राजकारणावर अवलंबून नव्हती, त्यांनाच परवडणारा होता. लाउंड्झ कुटुंबाची संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे विसरता येत नाही. शिवाय न नाकारण्याने दार उघडेच राहत होते.

ही भूमिका कसोटीला लागलीच नाही. प्रकृती ढासळल्याने मे १८२२ मध्ये त्याने सदस्यत्वाचा राजीनामा दिला. इंग्लंडला जात असता वाटेतच, जहाजावर, तो निधन पावला. कॅल्हूनने पुढे शर्यतीतून माघार घेतली व १८२४ मध्ये तो उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. राष्ट्राध्यक्षपदाच्या चार उमेदवारांपैकी कोणासही बहुमत न मिळाल्याने ९ फेब्रुवारी १८२५ रोजी प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स याची निवड केली.